तुसात सांडलेला घास

डॉक्टरांना त्यांच्या कंपनीने फसवलं, आणि ते झाकायला माझ्या तुसाला नावं ठेवली. दोन्ही गोष्टी मी अंबरनाथच्या एमआयडीसीत ज्याला त्याला तोंडावर सांगितल्या आहेत, मालकांच्या ड्रायव्हरलासुद्धा. आता लिहून ठेवते, कारण तोंडी सांगितलं की लोक म्हणतात, या बाईला भांडायची सवयच आहे. सवय आहेच. भांडल्याशिवाय मला आजवर कुणी काही दिलेलं नाही.

तूस म्हणजे भाताचं तूस. गिरणीत भात भरडलं की तांदूळ मालकाचा, कोंडा गुरांचा आणि तूस कुणाचंच नाही. ते मी उचलायला लागले. आधी वीटभट्ट्यांना दिलं, मग कोंबड्यांच्या शेडना, मग बॉयलरवाल्यांना. जांभूळ गावच्या आमच्या घरातले लोक हसायचे की ही कचरा विकते. टेम्पो दारात उभा राहिल्यावर हसायचे थांबले. त्या टेम्पोतूनच मी पहिल्यांदा अंबरनाथच्या त्या औषध कंपनीत गेले, कारण कुणीतरी सांगितलं होतं की तिथे उंदरांच्या पिंजऱ्यांत अंथरायला तूस लागतं. आम्ही उंदीर मारायला पैसे देतो, हे त्यांना अंथरूण घालायला देतात, म्हणजे गिऱ्हाईक पैशाला सैल असणार, असा माझा हिशोब होता.

स्टोअरच्या साहेबांशी भाव ठरला. सही व्हायची तेवढी बाकी. तेवढ्यात डोक्याला कापडी टोपी बांधलेला एक काडीसारखा माणूस बाहेर आला. त्याने नमस्कार केला नाही, काही विचारलं नाही. एका पोत्याचं तोंड सोडलं आणि खांद्यापर्यंत आत डोकं घातलं. बराच वेळ तसाच वाकून उभा. मला वाटलं, चक्कर आली. मग आतून शिंक ऐकू आली. डोकं बाहेर काढून म्हणाला, “परत न्या.”

“का? काय वाईट आहे त्यात?”

“धूळ आहे.”

“तूस आहे ते, साजूक तूप नाही. धूळ असणारच.”

“बाई, पैशाचं यांच्याशी बोला,” त्याने स्टोअरच्या साहेबांकडे बोट केलं. “माझ्याशी फक्त धुळीचं बोला. मी एकदा डोकं घातलं तर शिंकलो. माझी मंडळी त्यातच राहतात, त्यातच झोपतात.”

मंडळी म्हणजे उंदीर. हे मला कळेपर्यंत मी समजत होते की कंपनी कामगारांना तुसावर झोपवते.

ते डॉक्टर. औषध देणारे नव्हेत, उंदरांवर शिकून डॉक्टर झालेले. कंपनीबाहेरच्या टपरीवर कुणी ताप दाखवला तर ते म्हणायचे, “मी तुमचा नाही हो, मी मंडळींचा.” आणि तरी नाडी बघायचे.

मला माल परत न्यावा लागला. भाडं अंगावर पडलं, आणि मी ठरवलं की या माणसाला चाळलेलं तूस नाकात घालून दाखवीन. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एक सिंधी फॅब्रिकेटर आहे, त्याच्याकडे मोटारीवर हलणारी मोठी चाळण करायला टाकली.

“आटे की चक्की डाली क्या, बहनजी?”

“नहीं साईं, चूहों का बिस्तर छानना है.”

तो म्हणाला, “चूहों का बिस्तर. और मेरा बेटा इधर फर्श पे सोता है.” पण चाळण अशी दिली की आजही तिला तेलाशिवाय काही लागत नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पुन्हा पोत्यात डोकं घातलं. आम्ही सगळे शिंकेची वाट बघत उभे. ते बाहेर आले, मिशांना तूस लागलेलं, आणि म्हणाले, “आता राहता येईल.” तेवढ्यावर माझा धंदा तिथे बसला.

मग एकदा त्यांनी मला टोपी, झगा, पायांत प्लास्टिकच्या पिशव्या असं सगळं घालून आत नेलं. माल कुठे जातो ते विकणाऱ्याने बघितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आत काळे उंदीर होते. काही साधे, चपळ. आणि काही इतके जाडे की हातावर ठेवला की कणकेच्या गोळ्यासारखा पसरायचा. त्यांना जन्मतःच साखरेचा आजार. कुणी गोड खाऊ घालून आजारी पाडलेले नव्हेत, आईबापांकडून घेऊन आलेले. पोट भरलं हे डोक्याला कळतच नाही, म्हणून खात राहायचे. साखर वाढलेली, म्हणून पाणी पीत राहायचे. आणि प्यायलेलं सगळं माझ्या तुसात सोडायचे. साध्या उंदरांचं तूस आठवड्यातून दोनदा बदलायचं, यांचं रोज. माझ्या टेम्पोचे हप्ते कशावर फिटले ते मी लपवत नाही.

“यांच्यावर औषध लागू पडलं की मग पुढे माणसांचं बघायचं,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे आधी यांना बरं वाटलं पाहिजे.” बरं वाटलं पाहिजे, असंच म्हणाले. जाड्यांपैकी एकाला बोटाने मानेवर खाजवत होते आणि तो डोळे मिटून बसला होता.

या जाड्यांना पिल्लं होत नाहीत. मग पुढचे जाडे येतात कुठून? तर अंगाने साध्या दिसणाऱ्या पण रक्तात तो दोष बाळगणाऱ्या दोघांची जोडी लावायची. त्यांच्या पिल्लांत चारांत एखादं जाडं निघतं. या जोड्या डॉक्टर कुणालाही लावू द्यायचे नाहीत. कुणाचे आजे-पणजे कोण ते त्यांना तोंडपाठ. “घराणं चांगलं आहे,” ते गंभीरपणे सांगायचे, “दोन्हीकडे साखर आहे, पण मुलगा-मुलगी अंगाने नीट.” माझ्या पुतणीसाठी आम्ही तेव्हा स्थळं बघत होतो. मी म्हटलं, “डॉक्टर, आमच्यात उलटं असतं. साखर असली तर लपवतात.” ते म्हणाले, “म्हणून तर तुमच्यापेक्षा यांची लग्नं जमवणं सोपं.”

माझा आवाज मोठा आहे. एकदा स्टोअरच्या साहेबांनी ओलं आहे म्हणून माझी पोती बाजूला काढली. ओलं नव्हतं. मी गेटवरच उभी राहून त्यांचा उद्धार सुरू केला. उंदरांच्या खोल्या त्याच भिंतीला लागून. डॉक्टर हातात साखर मोजायचं यंत्र घेऊन आले आणि कुजबुजल्यासारखे बोलले, “बाई, अजून किती वेळ लागेल?”

“हा माणूस कबूल करेपर्यंत.”

“मला आज रक्त घ्यायचंय. मंडळी घाबरली की साखर चढते. आत्ता मोजली तर ती त्यांची साखर नाही, तुमचा राग मोजल्यासारखं होईल.” मग तितक्याच हळू साहेबांना म्हणाले, “यांची पोती घ्या हो आत. माझे आकडे जातायत.”

पोती आत गेली. मी धंदेवाली बाई. रक्त घ्यायचा वार कुठला ते मी झाडूवाल्याकडून काढून घेतलं, आणि पुढे काही महिने माल त्याच वारी नेला. गेटवर फक्त घसा खाकरायचा अवकाश, साहेब धावत यायचे. मग एके दिवशी मी खाकरले तर कुणीच आलं नाही. डॉक्टरांनी वार बदलला होता. जाताना मला एवढंच म्हणाले, “घसा बरा आहे ना?”

ते यंत्र त्यांच्या खिशात कायम. भेटलं कुणी की “हात इकडे” म्हणून बोट टोचायचे. वॉचमन, ड्रायव्हर, कुरियरवाला, कुणी सुटला नाही. माझं टोचलं तेव्हा आकडा दोनशेच्या वर आला.

“जास्त सांगताय,” मी म्हटलं. “एकशे ऐंशी धरा.”

“हा भाव नाही, बाई.”

“सकाळी केळं खाल्लंय. केळ्याचे कमी करा.”

“केळ्याचे गेले तरी दोनशेच्या खाली येत नाही.” आम्ही त्या गेटवर चांगलंच भांडलो आणि मी हरले. माझ्या आयुष्यात मी आकड्यावर हरले ते तेवढंच. त्यांनी मला दवाखान्यात पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. आजही घेते.

घरी त्यांच्या बायकोचे, आमच्या वहिनींचे, वेगळेच हाल. ते मांजर्लीला तळमजल्यावर राहायचे. घरात उदबत्ती नाही, वासाचा साबण नाही, डोक्याला तेल नाही, कारण कपड्यांना वास लागतो आणि तो मंडळींना सोसत नाही. वहिनी म्हणायच्या, “देवाची पूजासुद्धा उंदरांना विचारून होते आमच्याकडे.” ज्या वर्षी नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं, त्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा मला फोन, टेम्पो घेऊन या. मी समजले, कपाट-फ्रीज हलवायचा असेल. जाऊन बघते तर वहिनी सामान घेऊन वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे, आणि डॉक्टर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून कोपऱ्यावर उभे.

“अंबरनाथला चला. आज कुणी कामावर पोचलेलं नाही. तूस बदललं नाही तर मंडळी ओल्यात बसतील.”

वरच्या खिडकीतून वहिनी ओरडल्या, “अहो, आम्ही काय कोरड्यात बसलोय?”

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे वर बघितलं. “तुम्ही वर जाऊ शकलात,” ते म्हणाले. आणि टेम्पोत बसले. त्या दिवशी पिंजऱ्यांतलं तूस आम्ही दोघांनी बदललं. वहिनी त्यावरून आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग स्वतःच मला म्हणाल्या, “बरं केलंत, त्यांना तिकडे नेऊन सोडलंत ते. घरात राहून मला फक्त विचारत बसले असते, तिकडे काय झालं असेल.”

आता फसवणुकीचं सांगते.

कंपनीच्या धाकट्या मालकांनी एका झाडाच्या सालीचं सत्त्व आणलं होतं. साखरेवरचं नवं औषध. इतकं कडू, की झाडूवाल्याने जिभेला लावून बघितलं आणि दिवसभर चहासुद्धा घेतला नाही. आणि आपल्याकडे कडू म्हटलं की कुणाला शंका येत नाही. मी स्वतः मेथी भिजवून खायची, मालक स्वतः रोज सकाळी कारल्याचा रस प्यायचे. कडू पोटात गेलं की गोड उतरणार, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं.

ते सत्त्व काही जाड्यांच्या खाण्यात मिसळलं, काहींना नुसतं खाणं. पिंजऱ्याच्या झाकणात खाण्याच्या कांड्या ठेवतात, त्या उंदीर खालून कुरतडतो. आज किती ठेवल्या, उद्या किती उरल्या, ते वजन करून लिहायचं. दोन्हीकडचे उंदीर सारखंच खात होते. पण औषधवाल्यांची साखर उतरायला लागली. वजनसुद्धा उतरलं. खाणं तेवढंच आणि आजार कमी. मालकांना आणखी काय पाहिजे? त्यांनी पेढे वाटले. साखरेच्या औषधाचे पेढे. मलाही मिळाला.

डॉक्टरांनी आपला पेढा झग्याच्या खिशात टाकला. पहिले काही दिवस ते खूश होते, पिंजऱ्यांपुढे उभे राहून, बरं वाटतंय ना, असं जाड्यांना विचारायचे. मग विचारणं सोडलं. मला गेटवर म्हणाले, “तेवढंच खातात आणि वाळतात. बाई, खाल्लेलं जातंय कुठे?”

रविवारी सकाळी ते शेअर रिक्षातून माझ्या गोडाऊनला आले. बरोबर दोन मोठ्या पिशव्या, त्यांत पिंजऱ्यांतून काढलेलं वापरलेलं तूस. एक पिशवी औषधवाल्यांची, एक नुसत्या खाणाऱ्यांची. रिक्षावाला अजून शिव्या देत होता. बरोबरच होतं, वास तसाच होता.

“चाळण चालू करा,” डॉक्टर म्हणाले.

“अहो, ओलं आहे. जाळी बसेल माझी.”

“मग वाळवू.”

दोन ताडपत्र्या टाकल्या आणि वेगवेगळं पसरलं. ते उन्हात टोपी न घालता उकिडवे बसून राहिले. मी चहा दिला तो गार झाला. दुपारी चाळण सुरू केली. आधी नुसत्या खाणाऱ्यांचं तूस घातलं. खाली थोडी धूळ, लेंड्या, कांडीचा एखादा कण. मग औषधवाल्यांचं घातलं, आणि जाळीखाली भुगा पडायला लागला. खाण्याचा भुगा, ढीगभर. कुरतडलेला, तोंडात घेतलेला आणि टाकलेला.

डॉक्टरांनी त्यातला एक कण उचलला आणि मी नको म्हणायच्या आत जिभेवर ठेवला. तोंड वाकडं झालं. मग ते तिथेच पोत्यावर बसले.

“कडू आहे म्हणून टाकतात,” ते म्हणाले. “भूक थांबत नाही म्हणून पुन्हा तोंड घालतात, पुन्हा टाकतात. झाकणातलं संपलेलं दिसतं, आम्ही लिहितो, खाल्लं.” मग म्हणाले, “उपाशी आहेत हो. मी त्यांना बरं वाटतंय ना विचारत होतो.”

मला या माणसाचं नेहमी हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही.

पुढचं त्यांनी शास्त्राप्रमाणे केलं. आणखी काही जाडे घेतले, त्यांना औषधाचा कण दिला नाही. औषधवाल्यांच्या पोटात खरोखर जेवढं जात होतं तेवढंच, सांडलेलं वजा करून, साधं खाणं रोज मोजून दिलं. त्यांची साखर तितकीच उतरली. वजनही तितकंच. म्हणजे औषधाने काही केलं नव्हतं, उपासाने केलं होतं. डॉक्टरांनी हे धाकट्या मालकांना जाऊन सांगितलं. परत आले तेव्हा मी गेटवरच होते. चेहऱ्यावर समाधान होतं, चूक वेळेत सापडल्याचं. म्हणाले, “बरं झालं, माणसांपर्यंत गेलं नाही.”

हाच त्यांचा भोळेपणा. मालकाला नुकसान वेळेत सांगितलं की मालक आभार मानतो, असं वाटणारा माणूस.

थोड्याच दिवसांत कंपनीत बोललं जाऊ लागलं की तुसात शेतातल्या फवारणीचं विष होतं. त्याने उंदीर बिघडले. म्हणून डॉक्टरांची दुसरी तपासणी धरायची नाही. पहिली धरायची.

मी अडाणी असेन, पण सौदा कळतो मला. तूस एकच, गिरणी एकच, टेम्पो एकच, चाळण एकच. ज्या तपासणीत साखर उतरली म्हणून तुम्ही पेढे वाटले तिच्यात माझं तूस गंगाजळ, आणि ज्या तपासणीत तुमचं बिंग फुटलं तिच्यात विष? एकाच पोत्याला दोन भाव लावणारा बाजारात मार खातो. मी हे स्टोअरच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, मला पोरंबाळं आहेत.” त्यांचा मला राग नाही.

माझा माल बंद झाला. तो मी दुसरीकडे विकते, त्याचं रडगाणं नाही. पण उंदरांची जात बिघडली असं सांगून कंपनीने तो सगळा गोतावळाच मारून संपवला. डॉक्टरांनी एवढंच मागितलं होतं की पिढ्या जपलेल्या त्या साध्या जोड्या तरी दुसऱ्या एखाद्या संस्थेला द्या. नाही दिल्या. मग डॉक्टरांनाही निरोप दिला. एमआयडीसीत आजही सांगतात की त्यांच्या निष्काळजीपणाने उंदीर खराब झाले. तूस बदलायला घर पाण्यात सोडून गेलेला माणूस निष्काळजी.

डॉक्टर आणि वहिनी आता मुलीकडे असतात, लांब. फोन केला की पहिला प्रश्न माझी साखर किती. मी त्यांना खूप बोलले. म्हटलं, “भांडत का नाही तुम्ही? मी येते बरोबर.” ते म्हणाले, “मला जे सांगायचं होतं ते मंडळींनी सांगितलं. त्यांच्याहून मोठा आवाज माझ्याकडे नाही.” मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी मीच परत केला.

मी कदाचित गप्पही बसले असते. पण गेल्या महिन्यात जांभूळच्या घरी माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या उशाशी एक डबी दिसली. तेच सत्त्व, पावडर करून. डबीवर छापलंय, प्राण्यांवर तपासलेलं. जाऊबाईंनी दवाखान्याच्या गोळ्या सोडल्यात. पायाची जखम भरत नाही, आणि तरी त्या खूश.

“कडू हाय म्हंजे गुनाचाच असनार,” त्या म्हणाल्या. “जेवन पन जात नाय आता. आनि तू तं तिकरंच जायचीस ना गो? तुज्याच उंदरांवर केलाय ना?”

मी सांगितलं, भांडले, डबी फेकली. त्यांनी दुसरी मागवली. माझं म्हणणं त्यांना भांडखोर जावेचं वाटतं. डबीवर कंपनीचं नाव आहे, माझ्यावर काय आहे?

म्हणून धाकट्या मालकांना जाहीर विचारते. तुसाचं सोडा, माझं नाव सोडा. ज्या उंदरांना तुमचं औषध दिलंच नव्हतं, त्यांची साखर कशाने उतरली? एवढं एकच सांगा. मला नको, वकिलाकडून नको. जांभूळला आमच्या घरी या, जाऊबाईंच्या खाटेपाशी बसा आणि त्यांच्या पायाकडे बघून त्यांना सांगा. डॉक्टरांना मी फोन लावून ठेवते, ते ऐकतील. तुमचं सांगून होईपर्यंत मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.